फायलींना लागलेले कुलूप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आर्णी तालुक्यात माझे सेवा केंद्र आहे. पासपोर्ट फोटोंसाठी एक फुकटचे ‘क्रॅक’ (परवाना तोडलेले) सॉफ्टवेअर घेतले आणि सर्व फायलींची नावेच बदलली. प्रत्येक फोल्डरमध्ये ९८० डॉलर मागणारी चिठ्ठी आहे. ७२ तासांत दिल्यास निम्मे, असे तीत लिहिले आहे. अँटिव्हायरस संगणक स्वच्छ दाखवतो, तरी फायली का उघडत नाहीत?

उत्तर : अँटिव्हायरसने चोराला घराबाहेर काढले, पण त्याने लावलेले कुलूप तसेच राहिले. आपल्या वर्णनावरून हे ‘स्टॉप डीजेव्हीयू’ कुळातले रॅन्समवेअर, म्हणजे फायली बंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, दिसते, आणि ते बहुधा अशा क्रॅकमधूनच येते. एम्सिसॉफ्ट या कंपनीने त्यासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये मोफत डिक्रिप्टर (बंद फायली उघडणारे साधन) उपलब्ध करून दिला. मात्र अलीकडच्या प्रकारांत तो सहसा तेव्हाच चालतो, जेव्हा हल्ल्याच्या वेळी संगणकाचा गुन्हेगारांच्या सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नव्हता आणि म्हणून रॅन्समवेअरमध्ये आधीच ठेवलेली ‘ऑफलाइन’ किल्ली (कुलूप उघडणारा गुप्त संकेत) वापरली गेली. चिठ्ठीतील वैयक्तिक क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी ‘टी’ आणि १ असल्यास आशा आहे. (आपल्याकडचे सतत जाणारे नेट एखादे वेळी असेही उपयोगी पडते.) किल्ली आज उपलब्ध नसली, तरी ती पुढे मिळू शकते, म्हणून बंद फायली पुसू नयेत, त्यांची प्रत वेगळी ठेवावी. याच कुळाबरोबर पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअरही अनेकदा येते, त्यामुळे शासकीय पोर्टल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक संगणकावरून आजच बदलावेत. पैसे देऊ नयेत. तक्रार १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवावी.

प्रश्न : तालुक्याच्या ठिकाणचा एक दुरुस्तीवाला सर्व फायली परत मिळवून देण्याची शंभर टक्के हमी देतो. विश्वास ठेवावा का?

उत्तर : ठेवू नये. नीट केलेले कूटबंधन (एन्क्रिप्शन, म्हणजे फायलींना लावलेले सांकेतिक कुलूप) किल्लीशिवाय कोणालाही सुटत नाही. काही ‘तज्ज्ञ’ गुपचूप गुन्हेगारांनाच पैसे देऊन त्यावर आपला नफा लावतात. आधी ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ पाहावे. युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था), डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ते जुलै २०१६ मध्ये सुरू केले. तिथे एखादी बंद फाइल दिली की कुळ ओळखता येते आणि डिक्रिप्टर असल्यास तो मोफत मिळतो.

प्रश्न : हिंगणघाटला आमचे जिनिंग आहे. टॅलीचा बॅकअप रोज बाहेरच्या हार्डडिस्कवर जातो. एवढे पुरेसे आहे ना?

उत्तर : ती डिस्क दिवसभर संगणकाला जोडलेलीच राहत असेल, तर नाही; रॅन्समवेअर तिच्यावरील फायलीही बंद करते. दोन डिस्क आलटूनपालटून वापराव्यात, बॅकअप होताच काढून घ्याव्यात आणि एक घरी ठेवावी. कापसाचा हंगाम ऐन भरात येण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, दुसऱ्या संगणकावर मागच्या वर्षीचा डेटा त्याच डिस्कवरून परत आणून एखाद्या शेतकऱ्याची पट्टी उघडते का, तेही पाहावे.