वाचक विचारतात : दहा वर्षं आत टाकलं तर चोऱ्या थांबतील का?

प्रश्न : ताई, आमच्या तासगाव तालुक्यातल्या गावात विहिरीवरची मोटारीची केबल चोरली म्हणून २१ वर्षांचा पोरगा धरला, पहिलीच केस. १४ महिने जेलात होता, आता जामिनावर आलाय, कुणी कामावर घेत नाही. गाव म्हणतंय असल्यांना दहा वर्षं आत टाका, बाकीचे आपोआप सरळ होतील. खरंच होतील का?
— एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : दादा, राग समजतो, ऐन पाण्याच्या पाळीला केबल गेली की बाग वाळतीय डोळ्यादेखत. पण गुन्ह्यांवर अभ्यास करणारे कितीतरी वर्षं सांगतायत की शिक्षा किती मोठी यापेक्षा आपण सापडणारच ही भीती जास्त काम करते. केबलमधलं तांबं विकत घेणारा भंगारवाला धरला का कुणी?

आणि त्या पोराला अजून शिक्षा झालेलीच नाही हो! २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशातल्या १०० कैद्यांमागं जवळपास ७६ असेच कच्चे कैदी होते. साध्या चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षं, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यातलं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ सांगतं की पहिल्यांदाच अडकलेला आणि दुसरी केस नसलेला माणूस जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत बसला की सोडायचा, म्हणजे हा वर्षातच बाहेर यायला हवा होता. गरिबाचं असंच होतं, जामीन मंजूर झाला तरी सातबारा घेऊन जामीनदार म्हणून कोण उभं राहणार? केस अजून चालू आहे ना, त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवा, वकील फुकट मिळतो.

माझ्या मावसभावाच्या बेदाणा शेडवर असाच एकजण आलेला, आधार कार्ड दोन्ही हातात धरून. मुकादमानं नाव वाचलं आणि म्हणाला उद्या ये. तीन दिवस तेच, चौथ्या दिवशी तो आलाच नाही. मला अजून ते हात दिसतात.

तुमच्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, १९३९ साली औंधच्या राजेसाहेबांनी पोलंडच्या मॉरिस फ्रिडमनना सोबत घेऊन तिथं कैद्यांची खुली वसाहत काढली, खुनातले कैदीसुद्धा भिंतीशिवाय राहिले, माळ कसला. तुम्हाला तर फक्त केबलचोरीचा आरोप असलेल्या एका पोराला काम द्यायचंय. ऑक्टोबर छाटणीला माणसं लागतीलच, त्याला बोलवा, आणि हजेरी सगळ्यांएवढीच द्या.