गच्चीवरचा डेक आणि विटांचा वाफा

प्रश्न : मुलुंड पूर्वेला सर्वांत वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. लागूनच १२ बाय १५ फुटांची, पश्चिमेकडची उघडी टेरेस आहे. तिच्याखाली शेजाऱ्यांची बेडरूम येते. यजमान नुकतेच निवृत्त झाले. दोघांनी मिळून लाकडी डेक करायचा आणि कठड्याला धरून विटांचा वाफा बांधून भाजी लावायची, असं मनात आहे. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, ‘विटांचा वाफा’ वाचलं आणि माझा जीव धसकला. गोरेगावच्या आमच्या गच्चीवर मीही अगदी असाच वाफा बांधला होता. फूटभर माती भरली, वांगी-मिरच्या झकास आल्या, कोपऱ्यात जास्वंद लावली. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या काकू वर आल्या. काही बोलल्या नाहीत, मला खाली घेऊन गेल्या आणि कपाट उघडून दाखवलं. मागची भिंत ओलीचिंब, आणि त्यांच्या लग्नातल्या पैठणीच्या घडीवर बुरशीचे करडे ठिपके. वाफा फोडला तेव्हा जास्वंदीची मुळं कोब्याच्या भेगेत शिरलेली दिसली. तो साडीचा वास अजून आठवतो. म्हणून सांगते, वाफा बांधू नका.

वजनाचाही हिशेब करा. एक चौरस फूट जागेत फूटभर भिजलेली माती म्हणजे जवळजवळ ५० किलो. आयएस ८७५ या भारतीय मानकात ये-जा असलेल्या सपाट छतासाठी दर चौरस मीटरला दीडशे किलोंच्या आसपास भार धरतात, म्हणजे चौरस फुटाला १४ किलो. किती पट झाले ते तुम्हीच पाहा. त्यापेक्षा ग्रो बॅग, म्हणजे झाडं लावायच्या हलक्या पिशव्या घ्या, त्यात माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट सारखं मिसळून भरा. पहिली बॅग भरून, पाणी घालून, घरच्या वजनकाट्यावर ठेवा, म्हणजे अंदाज येईल. मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध नकोत, खाली बीम किंवा कॉलम असेल तिथेच ठेवा. सोसायटीकडे इमारतीचे नकाशे असतात, त्यात ते दिसतं. इमारत ३० वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आधी वाचा, आणि कमिटीची लेखी परवानगी घ्या. शेजाऱ्यांनाही आधीच सांगा. नंतर सांगायला फार जड जातं.

आता डेक. लाकूड आणण्याआधी एक बादली पाणी गच्चीच्या उंच टोकाला ओता आणि ते कुठून कुठे जातं ते खडूने आखा. कुठे थबकतं तिथे गोल करा. पावसाळी पाइपाच्या तोंडाची जाळी कुठे आहे, तेही नोंदवा. मग जाळीत बोळा घालून दोन इंच पाणी २४ तास कोंडून ठेवा. खाली ओल आली तर आधी वॉटरप्रूफिंग, डेक पुढच्या वर्षी. एकदा डेक बसला की भेग शोधायला सगळं उचकटावं लागतं.

कोब्यात खिळा किंवा स्क्रू अजिबात मारायचा नाही. खालच्या रीपा रबरी पट्ट्यांवर नुसत्या टेकवायच्या, आणि त्या पाण्याच्या उताराच्याच दिशेने. आडव्या टाकल्या की प्रत्येक रीप छोटा बांध होते, पाणी अडतं आणि आठ-दहा दिवसांत तिथे डासांच्या अळ्या वाढून डास होतात, डेंग्यूचेसुद्धा. वरच्या फळ्या रीपांना आडव्या, मध्ये ५ मिलिमीटरची फट. सगळा डेक एकसंध करू नका. २ बाय ३ फुटांचे सुटे पाट करून शेजारी-शेजारी अडकवा, म्हणजे मे महिन्यात तुम्ही दोघं ते उचलून खालचा पाला काढू शकाल. जाळीवरचा पाट तर दर आठवड्याला उचलायचा. सागवान परवडलं तर उत्तम, एरवी डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली फळी चालेल, पण ते दुपारच्या उन्हात पायाला चटका देतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेडचे घ्या. साध्या स्क्रूंना मुंबईच्या हवेत गंज धरतो आणि फळीवर काळे ओघळ येतात. निम्मी गच्ची डेकला दिलीत तरी भरपूर झाली.

ऊन एका दिवसात कळत नाही. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, डिसेंबरमध्ये दक्षिणेला बराच खाली. पश्चिमेच्या गच्चीला दुपारनंतरचं ऊन मिळतं, ते मिरची, वांगी, गवती चहा आणि कढीपत्त्याला मानवतं. टोमॅटो दिवाळीनंतर लावा, पावसात तो कुजतो. अळू मात्र पावसातच खुलतो. एक वर्षभर दर महिन्याला सावलीची रेघ खडूने काढलीत तर पुढची भाजी कुठे लावायची ते आपसूक कळेल.

राणीच्या बागेत साधारण जानेवारी-फेब्रुवारीत महापालिकेचं झाडांचं प्रदर्शन भरतं. यजमानांना घेऊन जा. कुंड्यांमधली भाजी तिथे जवळून बघता येते.

पाणी कोंडल्यावर खाली काय दिसलं, ते मात्र मला जरूर कळवा.