बाईंना विचारा : ‘असिस्टंट टीचर’ व्हावं का?

प्रश्न : बाई, मी ३४ वर्षांची, बी.ए. झालेली. धाकटा यंदा पहिलीत गेला, त्यामुळे सकाळ मोकळी असते. जवळच्या इंग्रजी शाळेत नर्सरीसाठी असिस्टंट टीचर हवी आहे, पगार सात हजार. ‘दोन-तीन वर्षं अनुभव घ्या, मग क्लास टीचर करू,’ असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. सासूबाई म्हणतात, झेडपीच्या जाहिरातीतही ‘सहायक शिक्षक’च लिहिलेलं असतं, म्हणजे पुढे सरकारी नोकरीतही हा अनुभव धरतील. खरं का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी सासूबाईंचा घोटाळा सोडवू, तो पुष्कळांचा होतो. सरकारी कागदावरचा सहायक शिक्षक म्हणजे पूर्ण शिक्षक. वर्ग त्याचा, हजेरीपट त्याचा; तो सहायक असलाच तर मुख्याध्यापकांचा. तुम्हाला विचारलंय ती जागा बाईंच्या मदतनिसाची. त्या अनुभवाचा झेडपीच्या भरतीत एक गुणही मिळत नाही.

मदतनिसाचं काम मला पुरेपूर ठाऊक आहे, माझी सुरुवातच तिथे झाली. मधल्या सुट्टीतली पहिली दहा मिनिटं नुसती डब्यांची झाकणं उघडण्यात जायची. स्टीलच्या डब्यांपायी माझ्या अंगठ्याचं नख वर्षभर धड राहिलं नाही. शिवाय नाक पुसणं, शू झाली की चड्डी बदलणं, सुटल्यावर कुठलं पोर कुठल्या रिक्षात हे बघणं. एप्रिलअखेर ‘जूनला या’ म्हणाले, मेचा पगार नाही. जूनला गेले तर माझ्या जागी दुसरीच मुलगी उभी. पण रडणाऱ्या पोराशी उभ्याने बोलायचं नाही, खाली बसून बोलायचं, हे मी तिथेच शिकले. डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

आता तुमचं गणित मांडू. सरकारी किंवा अनुदानित शाळेत पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., हवं. नुसत्या बी.एड.वर प्राथमिकला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे दोन वर्षं अध्यापक विद्यालय, तेही रोजच्या हजेरीचं. नोकरी सांभाळून होईल या भ्रमात राहू नका. मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा : १५० गुणांचा पेपर, खुल्या गटाला ९० हवेत. तुम्ही पदवीधर, त्यामुळे डी.एल.एड.नंतर सहावी ते आठवीचा दुसरा पेपरही द्या. हे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. त्यानंतर टेट, म्हणजे निवडीसाठीची वेगळी अभियोग्यता चाचणी, आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ. निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगार नाही, ठरावीक मानधन. प्राथमिकचं मानधन पूर्वी सहा हजार होतं, २०२३पासून सोळा हजार झालं.

भरतीला वयाची अट खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. आज प्रवेश घेतलात तर ३६व्या वर्षी बाहेर पडाल. मॅडमचं ऐकून आधी तीन वर्षं झाकणं उघडलीत, तर बाहेर पडेपर्यंत एकोणचाळीस! खुल्या गटात असाल तर दार बंद. आणि भरती काही दरवर्षी होत नाही, हेही धरा.

म्हणून माझं मत : ही जागा एका वर्षासाठी घ्या, तेही मुलांत आपलं मन रमतं का, हे बघायला. रमलं तर पुढच्या जूनला सरळ प्रवेश. खासगी शाळेतच राहायचं असेल तरी ‘क्लास टीचर करू’ हे तोंडी नको. नेमणूकपत्र मागा, त्यात मेचा पगार आणि पीएफचं काय, ते लिहून घ्या. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या शाळेला पीएफचा कायदा लागू होतो. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या, तर तेच उत्तर समजा.

प्रश्न : मी एका स्वमग्न मुलाची शॅडो टीचर आहे, म्हणजे वर्गात त्याच्या एकट्यासोबत राहून त्याला मदत करते. पगार त्याचे आईवडील देतात. यात पुढे काही आहे का?
– नाशिकहून

उत्तर : तुमच्या जागेत नाही. ते कुटुंब उद्या बंगळूरला गेलं की नोकरी संपली. पण विशेष शिक्षकांना पुढे जागा निघतील असं मला वाटतं. अशा मुलांसाठी प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण ठरलेलं आहे, आणि कायम पदं मंजूर करून भरा, असं मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलंय. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला विशेष शिक्षणाचा डी.एड. किंवा बी.एड. आणि परिषदेकडची नोंदणी लागते. प्रवेश घेण्यापूर्वी संस्था परिषदेच्या यादीत आहे ना, हे स्वतः बघा. तीन महिन्यांत ‘शॅडो टीचर सर्टिफिकेट’ देणारे क्लास हल्ली गल्लोगल्ली निघालेत. त्या कागदाने नोंदणी होत नाही. आणि त्या मुलाची रोजची वही ठेवत असाल तर जपून ठेवा, पुढे प्रात्यक्षिकाच्या वेळी तुमच्याइतकी तयारी वर्गात कुणाचीच नसेल.