पावसाळ्यात बंद खोलीत अभ्यास आणि जड डोकं: दोष पोराचा की हवेचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की दापोलीजवळ नवं स्लॅबचं घर आहे, पावसाची झड आत येते म्हणून खिडक्या बंद, डासांसाठी कॉइल, लाइट गेली की मेणबत्ती. दहावीतला मुलगा तासाभरात पेंगतो, येणारी गणितं चुकवतो आणि घरचे म्हणतात, टाळाटाळ करतो. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि अशा पोरांना मीही तेच ऐकवलं. आता म्हणेन, आधी कॉइल विझवा, मग पोराकडे बघू.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळल्यावर निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. हे कण फुप्फुसांत खोलवर जातात, तिथे दाह होतो आणि त्याचा परिणाम रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतो. आमच्या कुडाळच्या घरी आजी चुलीत नारळाची सोडणं घालायची, डोळ्यांतून पाणी यायचं, पण धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. (जुनं ते सोनं म्हणत नाही. आजीचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही.) तुमच्या स्लॅबला आणि सरकत्या काचांना फटच नाही.

मेणबत्तीचं म्हणाल, तर २०२५ मध्ये बर्मिंगहॅम आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी २६ जणांना तासभर मेणबत्तीच्या दाट धुरात ठेवलं आणि चार तासांनी चाचण्या घेतल्या. नको त्या गोष्टींकडे दुर्लक्ष करून हव्या त्यावर लक्ष ठेवणं त्यांना जड गेलं, चेहऱ्यावरचे भाव ओळखणंही. तात्पुरती स्मरणशक्ती मात्र शाबूत होती. तुमच्या मुलाचं वर्णन वाचून मला हेच आठवलं: सूत्र बरोबर लिहितो, वजाचं चिन्ह सुटतं. एका मेणबत्तीनं तेवढा धूर होत नाही हे खरं, पण तुमच्याकडे सोबत कॉइलही आहे.

कॅनडात २५ निरोगी माणसांना दोन तास डिझेलचा पातळ केलेला धूर देऊन मेंदूचं स्कॅन केलं, तर मेंदूच्या काही भागांचा आपसातला ताळमेळ कमी झालेला दिसला. बाजारपेठेत दुकानाबाहेर जनरेटर लावतात त्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता कार्बन डायऑक्साइड. मी हौसेनं मीटर घेतला. बाहेर ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास, दार लावून दोघं झोपलो तर पहाटे दोन हजारांच्या वर. २०१२ च्या एका प्रयोगात २५०० पीपीएमला २२ जणांचे निर्णय घेण्याचे गुण बरेच घसरले होते. पण पुढे पाणबुडीवरच्या खलाशांना १५००० पर्यंत दिला तरी फरक दिसला नाही. म्हणून त्या आकड्याला मी घाबरत नाही. खोलीतली हवा बदलत नाही एवढं तो सांगतो, आणि हवा बदलत नसेल तर धूर, घामट वास, भिंतीवरची बुरशी सगळं आतच राहतं.

एक गोष्ट मात्र गंभीर. कपडे वाळवायला किंवा बाळंतिणीला शेकायला निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पुढे माणूस जागा होत नाही.

करायचं काय? झड येते ती बाजू बंद, उलट बाजूची खिडकी चार बोटं उघडी आणि तिला जाळी. पलंगाला मच्छरदाणी. मेणबत्तीऐवजी चार्जिंगचा दिवा. लिक्विडच्या मशीनला धूर नसतो, पण तेही औषधच आहे, दार-खिडक्या लावून रात्रभर नको. देवाजवळची अगरबत्ती अभ्यासाच्या खोलीबाहेर लावा, देव रागावत नाही.

आठवडाभर असं करा आणि त्याला काही न सांगता त्याच्या वहीतल्या चुका मोजा. फरक पडला नाही तर डोळे आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि रात्री कितीला झोपतो तेही बघा. मोबाईलचा धूर दिसत नाही.