कोऱ्या जागेचे चित्र

प्रश्न : मी ठाण्याहून वाशीला रोज लोकलने जाते. अधूनमधून माझेच हात मला परक्याचे वाटतात, डब्यातली माणसे काचेपलीकडची भासतात आणि ऐरोलीनंतर एकदम तुर्भेच येते. मधले काही आठवत नाही. समुपदेशक याला डिसोसिएशन म्हणतात. मला हे चित्रात मांडायचे आहे, पण दरवेळी तडा गेलेला चेहराच उतरतो आणि तो खोटा वाटतो. काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तो चेहरा खोटा वाटतो, कारण तो आपण अनुभवलेला नसून इतरांच्या चित्रांत पाहिलेला आहे. आपल्या पत्रात मात्र हात आहेत, काच आहे आणि न आठवणारी रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही तीन स्थानके आहेत. सुरुवात तिथूनच करावी. कागदाच्या लांब पट्टीवर ठाणे ते वाशी हा प्रवास क्रमाने रेखाटावा आणि जिथे आठवण नाही तिथे कागद कोराच ठेवावा. अंदाजाने ती जागा भरण्याचा मोह होईल, तो कटाक्षाने टाळावा.

हातासाठी कोळशाने आपला डावा हात नखांच्या कडांसकट निरखून काढावा आणि त्यावर बटर पेपर धरावा. रेषा दिसत राहतात, पण त्यांचा काळेपणा हरवतो आणि बटर पेपर बोटभर वर उचलला की त्या आणखी पुसट होतात. आपलाच हात परका होणे मला याहून जवळून दाखवता आलेले नाही.

चित्रकार एडवर्ड मुंक यांच्या १८९३ च्या ‘द स्क्रीम’ या चित्रात पुढच्या भेदरलेल्या माणसाभोवती आकाश लाटांसारखे वळते, पण त्याच्या बाजूचा कठडा सरळ राहतो आणि मागचे दोघे चालतच असतात, मित्र पुढे गेले आणि आपण थरथरत उभे राहिलो, असे मुंक यांनीच लिहून ठेवले आहे. तो कठडाही वळला असता, तर बाकीचे वळणे इतके अंगावर आले नसते, असे मला वाटते. म्हणून आपणही डब्यातली एखादी कडी अगदी नीट काढावी.

काढताना पुन्हा तसेच वाटू लागले, तर लगेच थांबून पाय जमिनीवर घट्ट टेकवावेत, हात गार पाण्याखाली धरावेत आणि समोरच्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत. त्या दिवशी चित्र पुरे करण्याचा हट्ट नको. आठवणीतले असे खंड काही प्रकारच्या फिट्समुळेही पडतात, तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांकडून एकदा तपासून घ्यावे. रात्री-अपरात्री घाबरायला झाले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

प्रत्येक पट्टीमागे तारीख लिहावी. कोरी जागा कधी रुंदावते आणि कधी आक्रसते, हे समुपदेशकांना त्यावरून आपल्या सांगण्याआधीच दिसेल.