गंभीर आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी स्वयंसेवा करून आपल्याला स्वतःला काय मिळतं?

मी नाशिकमध्ये दर रविवारी कॅन्सरग्रस्त मुलांच्या आईवडिलांसोबत असते. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार बहुतेकदा २ ते ३ वर्षं चालतात. सुरगाणा-पेठ या दूरच्या तालुक्यांतून आलेल्यांना शहरात ओळखीचं कुणी नसतं. रक्तपेढीत धावणं, फॉर्म भरणं, डबा नेणं, एवढंच माझं काम.

मिळतं काय? एकदा एक आई म्हणाली, "ताई, जरा बसा याच्यापाशी, न्हाऊन येते." चार दिवसांनी तिने डोक्यावरून पाणी घेतलं होतं. ओल्या केसांनीच शेजारी टेकली आणि नागलीची अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

आणि हो, गप्प बसून ऐकायला शिकले. पूर्वी पटकन "होईल सगळं नीट" म्हणायचे. आता म्हणत नाही, नुसती जवळ बसते.