मेंढरांच्या वाटेवर काम करताना

प्रिय मित्रा,

माळ सुधारण्याचा तुझा आराखडा वाचला. आधी माळावर झाडं, मग पाणी अडवणारे चर आणि शेवटी 'हक्कांचं बघू'. हा क्रम उलटा कर. माळ 'सुधारला' की कुंपण पडतं, मेंढरं बाहेर राहतात. चराईचा हक्क कागदावर नसेल तर तू ज्या धनगरांसाठी राबतोयस, त्यांनाच त्या माळावर दंड भरावा लागेल.

२००६ च्या वनहक्क कायद्यातलं कलम ३ नीट वाच. स्थायिक असो वा फिरती, दोन्ही प्रकारची चराई आणि भटक्या पशुपालकांची हंगामी वहिवाट सामूहिक हक्कांत धरली आहे. मात्र आपल्याकडे धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे दावा 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून करावा लागतो. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात.

खरी मेख पुढे आहे. दावा मांडायचा ग्रामसभेत, आणि चराईच्या गावात मेंढका मतदार नसतो. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढक्यांचा फिरता तळ, कोकणाकडे किंवा खालच्या मुलखात उतरतो, पावसाच्या तोंडावर परततो. पडताळणीची तारीख अशी पडते की वाडा नेमका दोन तालुके पलीकडे. यावर याच कायद्याखालच्या नियमांत, नियम १२ मध्ये, तोडगा आहे: भटक्या पशुपालकांच्या दाव्याची पडताळणी ती माणसं किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतानाच करायची. ग्रामसभेच्या वनहक्क समितीला हे लेखी कळव. तोंडी सांगून भागत नाही.

पुरावे शोधताना वाड्यावरच्या बायकांशी बोल. घोडीवरच्या सामानात कागदांची पिशवी कुठे असते, ते त्यांनाच ठाऊक. चराईच्या जुन्या पावत्या तर हव्यातच, पण दंडाच्याही फेकू देऊ नकोस. माणूस त्या वर्षी तिथे होता, हे वनखात्यानेच लिहून दिलेलं असतं! शिवाय दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. ज्यांच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं बसली, त्या शेतकऱ्याच्या घरातल्या म्हाताऱ्याचा घे. त्याच्या शब्दाला गावात वजन असतं.

आता गवत. आपल्या कोरड्या पट्ट्यातला माळ म्हणजे मोडलेलं जंगल नव्हे, नोंदीत 'पडीक' असलं तरी. त्यावर गिरिपुष्पाची झाडं लावून काय साधणार, मला कधी कळलं नाही. पवन्या, मारवेल ही गवतं परत यायला हवी असतील तर बी पिकून पडेपर्यंत चराई थांबायला हवी. पण ते पावसाळ्यातलं काम, आणि पावसाळ्यातच मेंढरं घरच्या माळावर असतात. म्हणून सगळा माळ बंद करू नकोस. एक तुकडा यंदा, दुसरा पुढल्या साली. कुठला आधी, ते त्यांना ठरवू दे. पाणी आणि लांडग्याची वाट त्यांना माहीत आहे.

शेतीचं सोपं आहे. सेंद्रियकडे वळणाऱ्या गटाला लेंडीखत हवंच असतं. मेंढरं किती रात्री बसवायची, धान्य किती, पैसे किती, वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) कुठे लावायची, हे सुगीआधीच ठरवून घे. कडब्यावर फवारणी झाली असेल तर शेतकऱ्याने आधी सांगायचं, ही अटही घाल. ती राहिली की कोकरं दगावतात आणि पुढल्या साली कुणी त्या गावात उतरत नाही.

दावा दाखल केलास की लेखी पोच घे आणि तिची एक प्रत वाड्यावर दे.

तुझा,
काका